गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये बायोचार मिसळल्याने पाणी आणि खत खरोखर वाचते का?

तुम्ही लिहिले आहे की ठाण्यात सोसायटीच्या गच्चीवर तुमच्या ४० कुंड्या आहेत, मे महिन्यात दोन वेळा पाणी घालूनही दुपारी झाडे माना टाकतात, महागडे खत घालूनही पाने फिकट राहतात, आणि अशा वेळी बायोचारचा उपयोग होईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी नेरूळला राहते आणि काही वर्षांपासून गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये तो वापरते आहे. उपयोग निश्चित होतो. मात्र तो खत म्हणून नव्हे, तर कुंडीच्या तळाच्या भोकातून निसटून जाणारे पाणी आणि खत अडवून ठेवणारा घटक म्हणून होतो.

लाकूड, करवंट्या किंवा भाताचे तूस हवेचा पुरवठा जवळजवळ बंद ठेवून साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले, की राख न होता सच्छिद्र कोळसा उरतो. शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा कोळशाला बायोचार म्हणतात. आपल्या ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा आणि फांद्या पसरून जाळतात, तो प्रकार वेगळा आहे. उघड्या आगीत बहुतांश राख होते, तिच्यातले पालाश (पोटॅश) रोपांना लगेच मिळते आणि उरलेले पावसाबरोबर वाहून जाते. कोळसा मात्र मातीत अतिशय सावकाश कुजत असल्यामुळे एकदा मिसळला की पुढची कितीतरी वर्षे तो तिथेच राहतो.

पाण्याच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेवावी. कोळशाच्या छिद्रांत पाणी साठते हे खरे, परंतु अगदी सूक्ष्म छिद्रांतले पाणी इतके घट्ट धरलेले असते की मुळांना ते ओढून घेता येत नाही. शिवाय पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन आणि मातीच्या पृष्ठभागावरून उडून जाणारी वाफ बायोचार थांबवू शकत नाही. त्यासाठी कुंडीत वरून वाळक्या पानांचे दोन बोटे जाड आच्छादनच हवे. रेताड किंवा मुरमाड मातीत फरक ठळकपणे दिसतो, चिकण काळ्या मातीत फारसा दिसत नाही. आपल्याकडे रोपवाटिकांतून मिळणारी लाल माती बहुधा मुरमाड असते आणि तिच्यातून पाणी भरभर खाली उतरते, म्हणून तिथे हा उपाय लागू पडतो. तुमच्या कुंड्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरपूर असेल, तर पाणी ते आधीच धरून ठेवत आहे; तिथे लाभ प्रामुख्याने खताचा होईल.

आणि खताचा मुद्दा मला पाण्याहूनही महत्त्वाचा वाटतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ठाणे-नवी मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि उन्हाळाभर घातलेले खत कुंडीतून धुऊन निघते ते याच काळात. मी एकाच मापाच्या दोन कुंड्या, एकीत बायोचार आणि दुसरीत नाही, शेजारी शेजारी ठेवून दोन्हींना सारखेच गांडूळखत आणि पाणी दिले होते. साध्या कुंडीखालच्या ताटलीत कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी काठापर्यंत साचले. दुसऱ्या ताटलीत थोडेसेच उतरले आणि त्याचा रंगही फिका होता. तो रंग म्हणजे खताचाच अंश. बायोचारच्या पृष्ठभागावरील ऋण विद्युतभार अमोनियम, पालाश आणि कॅल्शियम यांना धरून ठेवतो, आणि कोळसा मातीत मुरत जातो तशी ही क्षमता वाढते. नायट्रेट मात्र स्वतःच ऋणभारित असल्याने बरेचसे पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून नत्रयुक्त खत एकदम न देता थोडे थोडे, विभागूनच द्यावे.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती बहुतेकांकडून होते. पहिल्या वर्षी मी कोरडा, कोरा कोळसा तसाच मातीत मिसळून टोमॅटो लावले आणि काही आठवड्यांतच खालची पाने पिवळी पडली. कोऱ्या कोळशाने आधी स्वतःचीच भूक भागवली होती आणि मातीतले नत्र रोपांच्या वाट्याला आले नव्हते. तेव्हापासून मी कोळसा पंधरा दिवस भिजवल्याशिवाय वापरत नाही. दहापट पाण्यात मिसळलेले गोमूत्र किंवा गांडूळखताचे पाणी यांपैकी काहीही चालते. सुरुवातीला तुकडे तरंगतात, त्यांतून बारीक बुडबुडे निघत राहतात, आणि हवेची जागा पाण्याने घेतली की ते एकेक करून खाली बसू लागतात. नंतर तितकेच शेणखत किंवा कंपोस्ट त्यात मिसळून मी आणखी काही दिवस सावलीत झाकून ठेवते.

कोळसा गच्चीवर भाजण्याच्या फंदात पडू नये. धुराचा त्रास साऱ्या इमारतीला होतो. बाजारात मिळणारा लाकडाचा लोणारी कोळसा पुरेसा आहे. दगडी कोळसा किंवा साच्यात दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या मात्र घेऊ नयेत. गोणपाटात घालून, पाणी शिंपडून, नाकातोंडाला फडके बांधून तो कुटावा. तांदळापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे चांगले. दहा डबे मातीला भिजवून मुरवलेला एक डबा कोळसा, याहून अधिक घालण्याची गरज मला कधी पडली नाही.

मिसळल्यानंतर पाण्याची सवय बदलली नाही, तर बचत शून्य होते, हे कृपया ध्यानात ठेवावे. सवयीने तेवढेच पाणी ओतले तर ते पूर्वीसारखेच ताटलीत उतरेल. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे, ओल लागली तर त्या वेळचे पाणी टाळावे, आणि ताटलीत पाणी दिसू लागताच थांबावे. सध्या झाडे लावलेल्या कुंड्या रिकाम्या करण्याची घाई नको; कडेने पेन्सिलीएवढी पाच-सहा खोल भोके पाडून त्यांत मुरवलेला कोळसा भरावा आणि उरलेला कुंडी बदलताना मिसळावा. अनंत आणि इक्झोरा यांना आम्लधर्मी माती लागते आणि कोळसा बहुधा अल्कधर्मी असतो, म्हणून या दोन झाडांच्या कुंड्यांत मी तो घालत नाही.