कुत्रा कोंबड्यांची विष्ठा खातो, काय करावे?

प्रश्न: परसात थोड्या कोंबड्या मोकळ्या सोडतो. पाळलेला कुत्रा त्यांच्या मागे फिरून ताजी विष्ठा खातो. मारून पाहिले, विष्ठेवर तिखट टाकून पाहिले, तरी सोडत नाही. त्याला आजार होईल का? सवय कशी मोडावी?

उत्तर: आधी मारणे थांबवा. मार खाणारा कुत्रा विष्ठा खायचे सोडत नाही, तुम्ही जवळ यायच्या आत घाईने गिळायला शिकतो. तिखटानेही काही साधत नाही. कोंबडी दिवसभर जागोजागी शिटते, तुम्ही कुठे कुठे टाकणार? शिवाय ते कुत्र्याच्या नाकाडोळ्यांत जाते.

कोंबडीच्या पोटातून खाद्य भराभर पुढे सरकते, त्यामुळे विष्ठेत न पचलेला अंश राहतो. कुत्र्याला तो खाऊच वाटतो. म्हणून खरा इलाज कुत्र्यावर नाही, खुराड्यात आहे.

कोंबड्यांची बरीचशी विष्ठा रात्री, दांडीवर बसलेल्या असताना पडते. दांडीखाली सपाट फळी किंवा पत्रा ठेवा, त्यावर तूस पसरा आणि कुत्रा मोकळा सोडण्याआधी सकाळीच ते खरवडून काढा. एवढ्या एका कामाने परसातली घाण डोळ्यांना दिसण्याइतकी कमी होते. काढलेली विष्ठा उघड्या ढिगात टाकू नका. पालापाचोळा, भुसा मिसळून झाकणाच्या खड्ड्यात कुजवा. ताजी विष्ठा झाडांच्या मुळांनाही जाळते. दिवसा कोंबड्यांना जाळीच्या कुंपणात चरू द्या. कुंपणाचा खालचा काठ जमिनीत पुरा, नाहीतर कुत्रा उकरून आत शिरतो.

कुंपण शक्य नसेल तर कुत्र्याला दोरी बांधून परसात न्या. तो विष्ठेकडे वळला की ‘सोड’ म्हणा, आणि मान वळवून तुमच्याकडे पाहताच त्याच क्षणी आवडीचा तुकडा द्या. क्षणभर उशीर झाला तर बक्षीस कशाचे ते त्याला कळत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा.

आता आजाराचे. निरोगी, मोठ्या कुत्र्याला बहुधा काही होत नाही. पण विष्ठेत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. कुत्रा धडधाकट दिसत असतानाही त्याच्या तोंडातून आणि शौचातून ते माणसांपर्यंत येतात. घरात तान्हे बाळ, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर कुत्र्याला तोंड चाटू देऊ नका, हात साबणाने धुवा. कोंबड्यांच्या आतड्यांत वाढणारा कॉक्सिडिया हा सूक्ष्म परजीवी मात्र कुत्र्याला लागत नाही. कुत्र्याच्या शौचाच्या तपासणीत या परजीवीची अंडी दिसली तरी ती नुसती पोटातून पुढे गेलेली असू शकतात. औषध पशुवैद्यकांना विचारूनच द्या.

मला जास्त काळजी खाद्याच्या पोत्याची वाटते. कॉक्सिडियाविरोधी औषध मिसळलेल्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन किंवा लॅसालोसिड असू शकते. ही औषधे कुत्र्याला विषारी आहेत. पोते झाकणाच्या डब्यात ठेवा, सांडलेले खाद्य लगेच झाडून घ्या. कोंबड्या अचानक मरू लागल्या तर कुत्र्याला त्यांच्यापासून, विष्ठेपासून आणि मेलेल्या पक्ष्यांपासून पूर्ण दूर बांधा, कारण बर्ड फ्लू कुत्र्यांनाही झाल्याची उदाहरणे आहेत.

उलट्या, रक्ताची हगवण, ताप किंवा मागच्या पायांत अशक्तपणा दिसला तर वाट न पाहता कुत्र्याला पशुवैद्यकांकडे न्या, आणि खाद्याच्या पोत्यावरचे लेबल सोबत घ्या.