फेडर फुल्ल ठेवला म्हणून डिमर सॉकेट होत नाही : रंगमंचाच्या विजेबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची. जुने हॅलोजन काढून एलईडी घेतले, ते जुन्याच डिमरवर, म्हणजे दिवा मंद-प्रखर करणाऱ्या यंत्रावर लावले, आणि आता कुठे लुकलुकतंय, कुठे एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) पडतोय, कुठे काहीच होत नाहीये पण मनात धाकधूक आहे. म्हणून इतर विषय बाजूला ठेवले, आज फक्त हेच.

प्रश्न : आमच्याकडे 24 चॅनलचा जुना डिमर रॅक आहे. सहा एलईडी पार (डब्यासारखे स्टेजचे दिवे) घेतले आणि डिमरच्याच सॉकेटमध्ये लावून लाईटच्या कंट्रोल बोर्डावर त्यांचे फेडर, म्हणजे वरखाली सरकवायच्या पट्ट्या, फुल्लला ठेवले. तीन महिने झाले, मस्त चालतायत. तरी जो तो सांगतो असं करू नका. चालतंय तर बिघडलं कुठे?

बिघडलेलं दिसत नाहीये एवढंच. डिमर आत काय करतो ते एकदा नीट बघू, मग तुम्हीच ठरवा. 50 हर्ट्झच्या विजेत व्होल्टेज सेकंदाला 100 वेळा शून्यावरून वर जाऊन परत शून्यावर येतं, म्हणजे प्रत्येक अर्धी लाट 10 मिलिसेकंदाची. डिमरमधला थायरिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, प्रत्येक लाटेत थोडा उशिरा दार उघडतो, उशीर जास्त तेवढा दिवा मंद, आणि दार एकदा उघडलं की करंट शून्याला येईपर्यंत बंद होत नाही. म्हणजे डिमर व्होल्टेज कमी करतच नाही, लाट कापतो. हॅलोजनच्या फिलामेंटला याचं काही सोयरसुतक नसतं कारण ती नुसती तापलेली तार आहे, कापलेली लाट असो की अख्खी, सरासरी जेवढी उष्णता मिळते तेवढी ती उजळते.

एलईडी दिव्याच्या पोटात मात्र स्वतःचा पॉवर सप्लाय असतो, आणि त्याला अख्खी, सलग लाट हवी असते. साध्या सप्लायमधला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, लाटेच्या टोकाशीच करंटचा एक घोट घेतो आणि बाकी वेळ गप्प बसतो, तिकडे थायरिस्टरला दार उघडं ठेवायला सतत थोडातरी करंट वाहता लागतो, तो तुटला की हा दार लावून मोकळा. मग पुन्हा उघड, पुन्हा मिट. फेडर फुल्लला असला तरी वीज त्याच थायरिस्टरमधून आणि त्याच्या जोडीच्या चोकमधून (तारेच्या वेटोळ्यातून) येते, आणि फुल्लला सुद्धा लाटेच्या सुरुवातीचा बारीकसा तुकडा बरेचदा कापला जातोच. दर वेळी दार उघडताना कपॅसिटरला जो धक्का बसतो त्याने तो तापतो, आणि हे सेकंदाला 100 वेळा.

आणि खरा धोका तर थायरिस्टर नाहीच, माणूस आहे. फेडर फुल्लला राहील याची हमी कोण देणार? एका तालमीत मध्यंतर झालं म्हणून कुणीतरी सवयीने ग्रँड मास्टर, म्हणजे सगळे दिवे एकदम वरखाली करणारा फेडर, खाली ओढला, हळूहळू, छान फेड करत. मी विंगेत होतो. वरच्या बारवरचे पाच दिवे एकेक करून मिटले, पेटले, परत मिटले, त्यांच्या मागच्या छोट्या डिस्प्लेवर कंपनीचं नाव येतंय जातंय येतंय, आणि बारीक टिक टिक आवाज. मास्टर परत वर केल्यावर चार उठले, पाचवा उठलाच नाही. नंतर उघडून बघितला तर कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. तुमच्या सहा दिव्यांचे तीन महिने कुणी ग्रँड मास्टरला हात लावला नाही म्हणून गेलेत, दुसरं काही नाही. उद्याच ते साध्या, थेट सप्लायवर घ्या.

प्रश्न : फेडर पूर्ण शून्यावर असतानाही आमचा एक एलईडी दर दोन-तीन सेकंदांनी लुककन पेटतो. दिव्यात दोष की डिमरमध्ये?

दोघांतही नाही, जोडी चुकलीये. बंद थायरिस्टरला वळसा घालून थोडासा करंट झिरपतोच, कारण थायरिस्टरला वाचवायला त्याच्या जोडीला एक छोटा कपॅसिटर आणि रेझिस्टर लावलेला असतो. हजार वॉटचा हॅलोजन हे झिरपणं गिळून टाकतो, तुम्हाला कळतही नाही. एलईडीचा सप्लाय मात्र ते थेंब थेंब साठवतो, पुरेसं साठलं की जागा होतो, लगेच साठा संपतो, झोपतो. त्याच सर्किटवर एक हॅलोजन स्टेजमागे कोपऱ्यात लावून ठेवला की लुकलुक थांबते, लोक करतात ही युक्ती आणि मीही केलीये, पण प्रयोगाला तासभर राहिला असताना, कायमचा उपाय म्हणून नाही.

यातून एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, शून्यावरचा डिमर म्हणजे बंद डिमर नव्हे. लोड काढून मीटर लावलात तर तिथे व्होल्टेज दाखवेल. दिव्याच्या वायरिंगला हात घालायचा तर एमसीबी पाडूनच.

प्रश्न : मग अख्खा रॅक भंगारात द्यायचा का? डिमरच्या सेटिंगमध्ये 'नॉन-डिम' असा पर्याय आहे, तेवढ्यावर भागणार नाही का?

'नॉन-डिम'ने खूप जण फसलेत. त्या सेटिंगमध्ये डिमर फक्त शून्य किंवा फुल्ल एवढंच करतो, पण दार उघडणारा तोच थायरिस्टर असतो. लाट त्यातूनच येते. पंखा किंवा साधी मोटर चालवायची म्हणून सुद्धा हे सेटिंग वापरू नये, एलईडी तर लांबच.

लागतो तो रिले, म्हणजे दोन धातूचे संपर्क, चिकटले की वीज सरळ, सुटले की मध्ये हवा. तुमचा रॅक जर खणाखणात मॉड्युल सरकवायचा असेल तर त्याच खणात डिमरऐवजी रिलेचं मॉड्युल मिळतं का हे आधी बघा, मोठ्या कंपन्यांचं मिळतं. ईटीसीच्या सेन्सर थ्री रॅकमध्ये तर थ्रूपॉवर नावाचं मॉड्युल आहे, त्यात तेच सर्किट डिमर, स्विच किंवा कायम चालू असं हवं तसं ठेवता येतं. असं झालं की बारपर्यंतची वायरिंग, सॉकेटं, नंबर काहीच बदलावं लागत नाही, आणि खरी किंमत त्या वायरिंगचीच असते हो, दिव्यांची नाही.

रॅक जुना, बंद डब्यासारखा असेल तर मग डिमरच्या अलीकडूनच फीड काढून वेगळा डिस्ट्रिब्युशन बोर्ड करायचा, प्रत्येक सर्किटला स्वतःचा एमसीबी, आणि बारवर जाणाऱ्या केबल तिकडे वळवायच्या. हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं, लाईटवाल्या उत्साही पोराचं नाही. आणि सगळे डिमर काढू नका. बाहेरून प्रयोग घेऊन येणारा एखादा प्रकाशयोजनाकार दोन हॅलोजन मागेलच, शिवाय नाटकाच्या सेटवर टेबललॅम्प असतो, कंदील असतो, त्यात साधा बल्ब मंद करायचा असतो. 24 पैकी सहा-आठ डिमर ठेवा. मात्र त्या सॉकेटांचा रंग वेगळा करा आणि वर मोठ्या अक्षरात डिमर लिहा, नाहीतर अंधारात चुकीची पिन चुकीच्या भोकात जाणार म्हणजे जाणारच.

लाट न कापता तिची उंचीच कमी करणारे साइन वेव्ह डिमरही असतात, चोकची घरघर नसते त्यांना, पण महाग, आणि एलईडीचा ब्राइटनेस असाही डीएमएक्सनेच, म्हणजे बोर्डावरून दिव्याला केबलने जाणाऱ्या डिजिटल सिग्नलनेच, बदलायचा असेल तर त्यासाठी ते घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न : हजार वॉटच्या जागी 200 वॉटचा दिवा आला, म्हणजे एका सर्किटवर आता दहा दिवे लावायला काय हरकत? आम्ही लावले तर चालू करताच एमसीबी पडतो, मीटरवर मात्र लोड कमीच दिसतो.

गणित अर्धं बरोबर आहे. 230 व्होल्टवर हजार वॉटचा पार 4.3 अँपिअर घेतो, 200 वॉटचा एलईडी पॉवर फॅक्टर चांगला असेल, म्हणजे करंट लाटेबरोबर गुळगुळीत घेत असेल, तर एकाच्या आतबाहेर. दहा दिवे म्हणजे नऊ-साडेनऊ अँपिअर, 16 च्या सर्किटला काहीच नाही. पण हा झाला चालू असतानाचा करंट. स्विच टाकल्याच्या क्षणी दहाही कपॅसिटर रिकामे असतात आणि सगळे एकदम तोंड उघडतात. हा झटका मिलिसेकंदाच्या आत संपतो, पण तेवढ्यात एकेका दिव्याचा करंट दहांच्या पटीत अँपिअरवर जातो. बी टाइपचा एमसीबी आपल्या रेटिंगच्या तीन ते पाच पटीला तडक पडतो, सी टाइपचा पाच ते दहा पटीला, डी टाइपचा दहा ते वीस. तुमच्या बोर्डावर बहुतेक बी लागलाय. सी लावा, पण डी लावायची घाई नको, कारण लांब केबलच्या टोकाला शॉर्ट झाला तर तेवढा करंट तिथून वाहतोय का हे मोजल्याशिवाय डी म्हणजे कुलूप न लावलेलं दार. त्यापेक्षा सर्किटं एकेक करून, मध्ये सेकंदभर थांबत चालू करा, चांगले रिले पॅनल हे आपोआप करतात. आणि हो, स्वस्त रिलेचे संपर्क या झटक्याने वितळून एकमेकांना चिकटतात, मग रिले बंद म्हणतो आणि दिवा चालूच, अशी चिकटलेली दोन मी स्क्रू-ड्रायव्हरने सोडवलीयेत. रिले घेताना कपॅसिटिव्ह लोडचं रेटिंग विचारा, नुसते अँपिअर विचारू नका.

दुसरी गोम अर्थिंगची, आणि ही जास्त छळते. प्रत्येक दिव्याच्या सप्लायमध्ये फिल्टर असतो, त्यातून थोडा करंट कायम अर्थला जातो, दोष नसतानाही. समजा दिव्यामागे दीड मिलिअँपिअर, दहा दिव्यांचे झाले 15. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे अर्थला गळणारा करंट ओळखून पडणारा स्विच, 15 च्या वर कधीही पडायला मोकळा असतो. म्हणजे सगळं ठणठणीत असून प्रयोगाच्या मध्यावर अख्खा बार अंधारात. यावर आरसीसीबी काढून टाका असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. दिवे जास्त सर्किटांत वाटा, प्रत्येक सर्किटला आपला आपला आरसीसीबी द्या, भागलं.

एका दिव्यातून दुसऱ्याला पॉवर लिंक करत असाल तर किती दिवे जोडायचे हे दिव्याच्या मागेच छापलेलं असतं, ते वाचा. निळा-करडा जुना पॉवरकॉन (दिव्यांना वीज जोडायचा कनेक्टर) चालू लोडवर ओढून काढायचा नसतो, तो त्यासाठी बनलेलाच नाही. त्याचा नवा प्रकार ट्रू-वन काढता येतो.

प्रश्न : एलईडी आल्यावर लोड पाव झाला तरी न्यूट्रलची तार कोमट का लागते?

कारण तीन फेजचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडून काढतात हे गुळगुळीत लाटेपुरतंच खरं. करंट जर घोट-घोट घेतला जात असेल तर त्यात तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ लाटेच्या तिप्पट वेगाची लाट, असतो, आणि तो तिन्ही फेजचा न्यूट्रलमध्ये खोडला न जाता बेरीज होऊन बसतो. पॉवर फॅक्टर न सुधारलेल्या सप्लायचं अगदी टोकाचं उदाहरण धरलं तर न्यूट्रलचा करंट फेजच्या 1.73 पट जाऊ शकतो. कापलेल्या लाटेचे डिमर सुद्धा हेच करतात, म्हणून जुन्या चांगल्या डिमर रॅकना जाड न्यूट्रल दिलेला असतो. तो तसाच ठेवा, आता लोड कमी झालाय म्हणून बारीक करू नका. क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएसवालाच, म्हणजे वेड्यावाकड्या लाटेचाही खरा करंट मोजणारा घ्या, साधा मीटर इथे चक्क खोटं बोलतो. आणि तार कोमट नसून गरम लागत असेल तर आधी टर्मिनलचा स्क्रू बघा, दहातल्या सात वेळा तोच ढिला असतो.

प्रश्न : पॉवर नीट केली, तरी दिवे मधूनच नाचतात, रंग बदलतात.

ते पॉवरचं नाही, डीएमएक्सचं. माइकची केबल वापरलीये ना? डीएमएक्सला 120 ओहमच्या आसपासची डेटा केबल लागते, शेवटच्या दिव्याला 120 ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचा रेझिस्टर), एका लाइनवर 32 च्या वर दिवे नाहीत, आणि वाय जोडून फाटे फोडायचे नाहीत, फाटा हवा तर स्प्लिटर. आधी डिमर रॅकपर्यंत एकच केबल जायची म्हणून या चुका खपून जायच्या, आता ती प्रत्येक दिव्यापर्यंत जाते. चॅनलही मोजा, डिमरला एक पुरायचा, एलईडीला बारा लागत असतील तर 512 मध्ये 42 दिवे, संपलं.

प्रश्न : फेडच्या शेवटी एलईडी टपकन विझतो, हॅलोजनसारखा विरघळत नाही. डिमरवर लावला तर सुधारेल का?

नाही नाही, परत डिमर नको! 8 बिटमध्ये पायऱ्या 256 च, अगदी खाली दोन पायऱ्यांमधली उडी डोळ्याला दिसते. दिव्याच्या मेनूत 16 बिट मोड असेल तर तो लावा, दोन चॅनल खाईल, खाऊ दे. डिमिंग कर्व्ह बदलून बघा, आणि टंगस्टन किंवा हॅलोजन नावाचं सेटिंग असेल तर तो दिवा फिलामेंटसारखा मागे रेंगाळतो, काही दिव्यांत उतरताना रंगही तांबूस होतो. तरी सगळा ब्लॅकआउट एकदम न करता मागचे दिवे अर्धा सेकंद आधी सोडा, प्रेक्षकाला ती टपकन पायरी दिसतच नाही.

प्रश्न : प्रयोग संपल्यावर सगळ्याचा मेन बंद करायचा का? पूर्वी फेडर खाली केले की झालं.

करायचा. ब्राइटनेस शून्य असला तरी आतला सप्लाय जागाच असतो, वीजही खातो आणि झिजतोही. रिलेच्या आधी एक कॉन्टॅक्टर (मोठा लोड तोडणारा रिलेसारखाच स्विच) आणि दाराजवळ किल्लीचा स्विच. बंद करताना आधी बोर्डावरून दिवे शून्यावर, दिव्यांतले पंखे दोन-चार मिनिटं फिरू द्या, मग किल्ली. किल्ली कुणाकडे असते ते मात्र दारावर लिहून ठेवा, प्रयोगाच्या दिवशी तीच सापडत नाही.