पैसे भरले तरी अ‍ॅपमधली गाणी, सिरीज गायब का होतात?

तुम्ही विचारलंय की वर्षाचे पैसे आधीच भरलेत तरी प्लेलिस्टमधली जुनी गाणी करडी पडतात, अर्धी पाहिलेली सिरीज सापडत नाही, मग पैसे घेतात कशाचे? माझं अमळनेरला मोबाइलचं दुकान आहे, हे गाऱ्हाणं सारखं ऐकतो, "काय भो, अ‍ॅप बिघडलं का पाहा ना". बिघडलेलं काही नसतं.

गाणं अ‍ॅपवाल्याचं नसतंच मुळी. शेत एका सालापुरतं दुसऱ्याला करायला देतात ना, तसंच. मुदत संपली, भाव जुळला नाही की मालक माल परत घेतो, आणि तुम्ही डाउनलोड केलेलंही वाजत नाही कारण ती फाइल अ‍ॅपच्या कुलपात असते. एचबीओ या अमेरिकन चॅनेलच्या मालिका ३१ मार्च २०२३ नंतर हॉटस्टारवरून गेल्या, मग जिओसिनेमावर आल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती दोन्ही अ‍ॅपंच एक झाली, म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात!

गाण्यांचं जास्त किचकट आहे कारण एका गाण्याचे हक्क दोन, शब्द-चालीचा वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा, आणि मालकही बऱ्याचदा वेगवेगळे. स्पॉटिफाय २०१९ ला भारतात आलं तेव्हा सारेगामाशी, म्हणजे जुन्या एचएमव्हीशी, करार जमला नाही आणि तिची गाणी काढावी लागली, ती २०२० मध्ये करार झाल्यावर आली. आता जुनी हिंदी गाणीच नाहीत तर आमच्याकडचा पन्नाशीतला गिऱ्हाईक त्या अ‍ॅपचं करणार काय? रेडिओसाठी कॉपीराइट कायद्यात सोय आहे, कलम ३१ड, ठरवून दिलेली रॉयल्टी भरा आणि वाजवा. ती आम्हालाही द्या असं एअरटेलच्या विंक या गाण्यांच्या अ‍ॅपचं म्हणणं होतं, पण टिप्स या गाण्यांच्या कंपनीने त्यांना कोर्टात नेलं आणि मुंबई हायकोर्टाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की इंटरनेटला ती लागू नाही, २०२२ मध्ये अपिलातही तेच टिकलं. म्हणून प्रत्येक कंपनीच्या दारात जाऊन घासाघीस, आणि ज्याच्याकडे गाण्यांचा मोठा साठा त्याचंच चालतं.

पूर्वी आम्हीच मेमरी कार्ड गाण्यांनी भरून द्यायचो, लायसन वगैरे काही नाही, चुकीचंच होतं ते. पण "ते कधी गायब झालं नाही" हे गिऱ्हाईक अजून तोंडावर ऐकवतात.

तुमचं गाणं करडं दिसत असेल तर नावाने परत शोधून बघा, कधीकधी तेच गाणं दुसऱ्या कलेक्शनमध्ये चालू असतं.