कमी तेलातले कुरकुरीत फ्राइज : वाचकांचे प्रश्न

बटाट्याचे फ्राइज घरी कमी तेलात करताना नेमकं काय बिघडतं, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत एक समज दिसला, की कुरकुरीतपणा तेलातून येतो आणि तेल कमी केलं की तो जाणारच. तसं नाही. कुरकुरीत होतो तो कापाच्या वरच्या थरातला, आधी शिजलेला आणि मग वाळलेला स्टार्च. तेलाचं काम उष्णता पोचवणं आणि चव देणं एवढंच. वरचं पाणी वेळेवर घालवलं नाही, तर कढईभर तेलातसुद्धा फ्राइज मऊच पडतात.

प्रश्न (ठाणे) : नवा एअरफ्रायर घेतला. बटाट्याचे बारीक काप करून, धुऊन, वर तेल शिंपडून 200 अंशांवर 25 मिनिटं ठेवले. टोकं करपली, मधला भाग कच्चट राहिला आणि ताटात वाढेपर्यंत सगळे वातड झाले. कुठे चुकतंय?

तीन ठिकाणी. काप बारीक होते, ते न शिजवता थेट यंत्रात गेले आणि ओले गेले. एअरफ्रायर म्हणजे जोराचा पंखा असलेली लहानशी भट्टी. ओला काप आत गेला की पहिली दहा-बारा मिनिटं ती भट्टी नुसतं पाणी उडवत बसते. तेवढ्यात पातळ टोकं वाळून करपतात आणि मधल्या भागाला शिजायला पुरेसा ओलावाच उरत नाही. वातडपणा येतो तो इथून.

500 ग्रॅम बटाटे घ्या. सोलून (किंवा सालासकट, घासून धुऊन) 1 सेंटिमीटर जाडीचे चौकोनी उभे काप करा. करंगळीपेक्षा किंचित बारीक, असा अंदाज धरा. सगळे एकाच जाडीचे असणं लांबीपेक्षा महत्त्वाचं. कडेच्या निमुळत्या फाका भाजीला ठेवा, फ्राइजमध्ये आधी त्याच जळतात. काप तीन-चार पाण्यांतून धुवा. पहिलं पाणी दुधाळ निघतं, शेवटचं स्वच्छ दिसायला हवं. कापताना फुटलेल्या पेशींमधला सुटा स्टार्च आणि थोडी साखर या पाण्याबरोबर जाते. ती राहिली तर काप एकमेकांना चिकटतात आणि डाग पडल्यासारखे तपकिरी होतात.

मग दीड लिटर पाण्यात दीड मोठा चमचा साधं पांढरं व्हिनेगर आणि 1 छोटा चमचा मीठ घालून उकळी आणा. काप सोडा आणि आच कमी करून 7-8 मिनिटं हलक्या उकळीवर ठेवा. व्हिनेगर इथे चवीसाठी नाही. आम्ल पाण्यात बटाट्यातलं पेक्टिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा घटक, टिकून राहतं, त्यामुळे काप शिजूनही मोडत नाही. सुरीचं टोक सहज आत जावं, पण काप उचलला तर तुकडा पडू नये, तेव्हा आच बंद करा आणि काप चाळणीत निथळत ठेवा.

पुढची पायरी लोक सर्रास गाळतात, आणि खरा फरक तिथेच पडतो. गरम काप सुती पंचावर एकेक सुटे पसरा आणि पंख्याखाली 15-20 मिनिटं ठेवा. आधी वाफ निघते, मग कापाची चमक जाते आणि पृष्ठभाग फिकट, मॅट, थोडा खरखरीत दिसू लागतो. बोट लावलं तर ओलं न लागता किंचित चिकट लागायला हवं. ओलं लागलं तर अजून पाच मिनिटं थांबा. घाई झाली की पुढचं सगळं फुकट जातं.

आता एका पसरट भांड्यात काप घेऊन त्यावर 1 मोठा चमचा तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरा, हलक्या हाताने खालीवर करा आणि मग 1 मोठा चमचा (15 मिली) तेल चोळा. पीठ आधी, तेल नंतर. उलट केलं तर पिठाच्या गुठळ्या होतात. पांढरा थर नजरेला दिसत असेल तर पीठ जास्त झालंय, ते खाताना खडूसारखं लागतं.

एअरफ्रायर 3 मिनिटं रिकामा तापवा. टोपली अर्ध्याहून जास्त भरू नका. 180 अंशांवर 10 मिनिटं, मग 200 अंशांवर 8 ते 10 मिनिटं ठेवा आणि दर 5-6 मिनिटांनी टोपली हलवा. शिंपडलेलं तेल टोपलीच्या जाळीतून खाली जातं आणि कापाला लागतच नाही, म्हणून ते हातानेच चोळावं.

प्रश्न (नागपूर) : हिवाळ्यात केलेले फ्राइज छान सोनेरी झाले होते. हल्ली त्याच पद्धतीने केले तर पाच-सात मिनिटांत तांबूस होतात, आत कच्चे राहतात आणि चवीला गोडसर लागतात. पद्धत तीच, मग फरक कशाचा?

बटाट्याचा. खाण्याचा बटाटा शीतगृहात साधारण 2 ते 4 अंशांवर राहतो. एवढ्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये रूपांतर होऊ लागतं. म्हणून तो गोड लागतो आणि म्हणूनच शिजण्याआधी रंग धरतो. घरच्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्याचंही हेच होतं, फ्राइजसाठीचे बटाटे फ्रिजमध्ये नकोतच.

गोड निघालेले बटाटे हवेशीर, अंधाऱ्या कोपऱ्यात पोत्यावर पसरून दोन-तीन आठवडे ठेवले तर बरीचशी साखर पुन्हा कमी होते. तेवढी सवड नसेल तर त्यांची भाजी करा. गोड बटाट्याचे फ्राइज कितीही खटपट केली तरी नीट होत नाहीत.

रंगाचा मुद्दा दिसण्यापुरताच नाही. बटाट्यातली ही साखर आणि अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल 120 अंशांच्या वर एकत्र आलं की अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. कर्करोगाचा धोका वाढवण्याची शक्यता असलेलं हे रसायन पोटात कमीत कमी जावं, असाच सल्ला जगभर दिला जातो. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये खाद्यपदार्थांतलं त्याचं प्रमाण समोर आणलं. घरी पाळायचा नियम सोपा आहे : फ्राइज सोनेरी पिवळे झाले की काढा, तपकिरी होऊ देऊ नका आणि करपलेली टोकं खाऊ नका.

बटाटा निवडताना जात कळली तर उत्तम. ‘कुफरी चिप्सोना’ आणि ‘कुफरी फ्रायसोना’ या सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने खास चिप्स आणि फ्राइजसाठी काढलेल्या जाती आहेत. ‘पुखराज’ उत्पन्नाला चांगला, पण पाणीदार, त्याचे फ्राइज पिचपिचीत होतात. मंडईत ‘चिप्सचा बटाटा आहे का’ असं विचारून पाहा. नख लावताच साल सुटणारा नवा बटाटाही नको.

जात कळली नाही तर घरी चाचणी करता येते. 1 लिटर पाण्यात 110 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि अख्खा धुतलेला बटाटा त्यात सोडा. बुडाला तर तो पिठाळ, म्हणजे फ्राइजचा. तरंगला तर पाणीदार, रश्श्याचा. दोन-तीन बटाटे तपासले की पूर्ण पिशवीचा अंदाज येतो.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्याकडे ओव्हन नाही, एअरफ्रायरही नाही. कढईत तळले तर तेल कमी शोषलं जावं म्हणून काय करावं? मी तर मंद आचेवर तळते.

मंद आच हेच जास्त तेलाचं कारण आहे. तळताना कापातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं आणि ती वाफ तेलाला आत येऊ देत नाही. तेल थंड असलं की वाफेचा जोर कमी पडतो, काप जास्त वेळ तेलात राहतो आणि पिचपिचीत होतो.

वर सांगितल्याप्रमाणे उकडून वाळवलेले काप (पीठ-तेल न लावता) दोनदा तळा. आधी 150-160 अंशांवर 3-4 मिनिटं, रंग न येऊ देता. बाहेर काढून 15 मिनिटं निवू द्या. मग 180 अंशांवर दोन मिनिटं. थर्मामीटर नसेल तर लाकडी उलथन्याचं टोक तेलात धरा : भोवती संथ बुडबुडे आले तर पहिल्या तळणीचं तेल, जोराने फसफसलं तर दुसऱ्या. 1 लिटर तेलात एका वेळी 200 ग्रॅमहून जास्त काप सोडू नका, तेल लगेच थंड होतं.

आणि लक्ष हवं ते काप बाहेर काढल्यानंतर. काप निवू लागला की आतली वाफ आक्रसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. आत जाणाऱ्या तेलाचा मोठा वाटा त्या पहिल्या एक-दोन मिनिटांतला असतो. झारा कढईवरच धरून चांगला झटका, काप लगेच कागदावर टाका आणि वरूनही कागदाने टिपा. सगळे घाणे संपल्यावर टिपायला घेतलं तर टिपायला काही उरत नाही.

तळणीचं उरलेलं तेल गाळून एक-दोनदा भाजी-फोडणीला वापरा आणि संपवा. ते काळवंडलं, चिकट झालं, फेसाळलं किंवा लवकर धुरावू लागलं तर टाकून द्या. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात वाढत जाणाऱ्या खराब घटकांची, म्हणजे ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ची, कमाल मर्यादा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 25 टक्के ठरवली आहे, ती 1 जुलै 2018 पासून लागू आहे. घरी ते मोजता येत नाही, म्हणून ही लक्षणं पाहायची.

कढईही नको असेल तर बिडाचा तवा आहे. 300 ग्रॅम उकडून वाळवलेले काप, 2 छोटे चमचे तेल, मध्यम आच. एकाच थरात मांडा, झाकण ठेवू नका आणि पहिली पाच मिनिटं हात लावू नका. खालची बाजू धरली की काप आपोआप सुटतो, मग उलटा. सगळ्या बाजू व्हायला 15 मिनिटं लागतात.

तेलाचा हिशोब विचाराल तर, विकत मिळणाऱ्या तळलेल्या 100 ग्रॅम फ्राइजमध्ये साधारण 14-15 ग्रॅम चरबी असते. 500 ग्रॅम बटाट्याला 1 मोठा चमचा तेल लावून भाजलेल्या फ्राइजमध्ये 100 ग्रॅमला 5 ग्रॅमच्या आसपास.

प्रश्न (सातारा) : उकळताना चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर बटाटा जास्त कुरकुरीत होतो असं वाचलं. घातला, तर कापांचा लगदा झाला.

सोडा व्हिनेगरच्या नेमका उलट काम करतो, पेक्टिन सैल करतो. सालासकट भाजायच्या मोठ्या फोडींना तो चांगला. त्यांची कड उसवून खरबरीत होते आणि तीच कुरकुरीत भाजते. पण 1 सेंटिमीटरच्या कापात उसवायला जागाच नाही. फोडींना सोडा, कापांना व्हिनेगर. दोन्ही एकत्र घालू नका, एकमेकांना मारतात.

प्रश्न (पुणे) : उपवासाला चालतील असे कसे करावे?

व्हिनेगरऐवजी तेवढाच लिंबाचा रस, मिठाऐवजी सैंधव आणि पिठाच्या जागी वरीचं किंवा शिंगाड्याचं पीठ. वरीचं जास्त कुरकुरीत होतं, शिंगाड्याचं लवकर रंग धरतं, म्हणून त्याला शेवटची आच 190 अंशच ठेवा. शेंगदाणा तेल किंवा तूप, जे घरात उपवासाला चालत असेल ते. वरून जिरेपूड आणि लाल तिखट.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये केले तर मऊच राहतात.

फक्त कन्व्हेक्शन मोड वापरा. ‘कॉम्बी’मध्ये मायक्रोवेव्हही चालू असतात, त्या आतलं पाणी बाहेर ढकलतात आणि लहान पोकळीत वाफ कोंडते. 220 अंशांवर पूर्ण तापू द्या, धातूचा ट्रे आतच तापवा आणि गरम ट्रेवर काप सुटे मांडा. 15 मिनिटांनी उलटा, एकूण 25-30 मिनिटं. अर्ध्यात एकदा दार उघडून वाफ जाऊ द्या. ओटीजी (कॉइलवर चालणारा साधा विजेचा ओव्हन) असेल तर वेळ हीच, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू हवीत.

प्रश्न (बेळगाव) : मुलांच्या डब्यासाठी आधी करून ठेवता येतील का?

फ्रीजरमध्ये येतील, आणि फ्राइज उलट जास्त चांगले होतील. गोठताना बर्फाचे कण पेशी फोडतात, त्यामुळे आतला भाग भुसभुशीत होतो. उकडून, वाळवून, तेल चोळलेले काप (पीठ न लावता) ताटात सुटे मांडून दोन तास गोठवा, मग पिशवीत भरा. महिनाभर राहतात. भाजताना वितळू देऊ नका, फ्रीजरमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घाला आणि 5 मिनिटं जास्त द्या. डब्यात मात्र कुठलेच फ्राइज कुरकुरीत राहत नाहीत, बंद डब्यात वाफ धरतेच. पूर्ण निवल्यावर भरा, म्हणजे निदान ओले होणार नाहीत.

प्रश्न (नवी मुंबई) : मधुमेह आहे. भाजलेले फ्राइज चालतील? रताळ्याचे बरे का?

भाजल्याने तेल कमी होतं, पिष्टमय पदार्थ तेवढेच राहतात. 150 ग्रॅम कच्च्या बटाट्यात ते सुमारे 25 ग्रॅम असतात, म्हणजे साधारण दीड फुलक्याएवढे. फ्राइज खायचे त्या जेवणात तेवढी पोळी कमी करा, सोबत उसळ आणि कोशिंबीर घ्या. तुमचं प्रमाण मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. रताळ्यात साखर जास्त असते आणि उष्मांक बटाट्याएवढेच. भाजताना ते लवकर काळं पडतं म्हणून 190 अंशांच्या वर जाऊ नका, आणि बटाट्याइतका कुरकुरीतपणा त्यात येत नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : मीठ कधी घालावं? आणि हिरवट बटाटा सोलून घेतला तर चालेल का?

मीठ भाजून झाल्यावर, फ्राइज गरम असतानाच. आधी लावलं तर कापाला पाणी सुटतं. बारीक दळलेलं मीठ नीट चिकटतं, त्यामुळे कमी लागतं, 500 ग्रॅमला अर्धा छोटा चमचा पुरे. चाट मसाला घालणार असाल तर त्यातही मीठ असतं, तेवढं कमी करा.

हिरव्या बटाट्यात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते शिजवून जात नाही. एखादा लहान डाग असेल तर खोलवर कापून काढा. सालाखाली हिरवेपणा पसरलेला असेल किंवा चव कडवट लागली, तर तो बटाटा टाकून द्या.