ॲब्सर्ड, असंगत की सरळ 'काहीही'?

प्रश्न असा आलाय की काँतँ द्युपिय या दिग्दर्शकाचा 'ल दझिएम आक्त' (म्हणजे 'दुसरा अंक') हा फ्रेंच पिक्चर घरात चौघांनी मिळून बघितला आणि चौघांनी चार शब्द काढले, एकाला निरर्थक वाटला, एकाला विसंगत, एक म्हणाली असंगत, आणि चौथा नुसतं "काहीही!" म्हणून उठून गेला, तर ॲब्सर्डला बरोबर मराठी शब्द यातला कुठला. माझं मत आधीच सांगून टाकते, उठून गेलेला माणूस नेमका बोललाय.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी: फ्लोरन्सला आपला दाविद वडिलांना दाखवायचाय, दाविदला ती नकोय म्हणून तो तिला आपल्या मित्राच्या गळ्यात मारायला बघतोय, आणि चौघं एका आडबाजूच्या रेस्टॉरंटात भेटतात. गोष्ट एवढीच, पण ही गोष्ट म्हणजे मुळात एक शूटिंग चाललंय आणि नट मधेच भूमिका सोडून आपापसात भांडायला लागतात, मग परत भूमिकेत जातात, आणि दिग्दर्शक कोण तर लॅपटॉपवर दिसणारा एआय. २०२४ च्या कान महोत्सवाची सुरुवात या पिक्चरने झाली होती, लेआ सेदू, वँसाँ लँदों अशी तिकडची मोठी मंडळी आहेत यात.

'निरर्थक' पहिल्यांदा बाद करा. नटांचा अहंकार, आपण चुकीचं काही बोललो तर करिअर संपेल ही धास्ती, एआयची टांगती तलवार, हे सगळं इतकं उघड आहे की मला तर उलट जरा जास्तच अर्थ भरलाय असं वाटलं.

'विसंगत' अर्धा बरोबर. आपल्याकडे विनोद विसंगतीतून होतो असं म्हणतात ना, ते इथे जागोजागी दिसतं. लँदों बापाच्या भूमिकेत, सीन चालू असताना थांबतो आणि जग बुडायला आलंय, पिक्चर कसले करता म्हणून वैतागतो, तेवढ्यात फोन येतो की पॉल थॉमस अँडरसनच्या पिक्चरमध्ये तुला घेतलंय, आणि गडी लगेच हवेत! ही शुद्ध विसंगती, कारण बोलणं एक आणि वागणं दुसरं हे आपल्याला शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. पण वाइन ओतणारा वेटर घ्या. त्याचे हात इतके थरथरतात की ग्लास भरतच नाही, आधी हसू येतं, मग कळेनासं होतं की थरथरतोय तो वेटर, की वेटरचं काम करणारा घाबरलेला एक्स्ट्रा, की त्याचं काम करणारा आणखी कोणी, आणि मग हसावं की गप्प बसावं तेच समजत नाही. विसंगत म्हणायला आधी कशाशी तरी संगती लागावी लागते, इथे तीच हातात नाही, म्हणून 'असंगत'. समीक्षेत असंगत नाटक हा शब्द रुळलेला आहे आणि तो मला आवडतो, गंमत म्हणजे ज्या लॅटिन शब्दावरून ॲब्सर्ड आला त्याचा मूळ अर्थ बेसूर, आणि आपल्याकडे तबल्याची साथ करतात तीही संगतच. योगायोग आहे हा, व्युत्पत्ती नाही, उगाच पुढे ढकलू नका.

पण बोलताना "काय असंगत पिक्चर होता" असं कोण म्हणतं सांगा? इथे 'काहीही' येतो. फ्रेंच प्रेक्षक अशा पिक्चरला 'नँपोर्त क्वा' म्हणतात, शब्दशः 'काय का असेना', म्हणजे आपलं 'काहीही'च! आणि वापरसुद्धा तसाच दुहेरी, कपाळावर आठ्या घालून म्हटलं तर पैसे वाया गेले, हसत हसत म्हटलं तर धमाल आली. आपल्याकडे तर सिरियलमधल्या त्या "काहीही हं" वरून जोक सुरू झाले तेव्हापासून लाडाने म्हणायचा तिसरा सूरही मिळालाय. द्युपियला स्वतःला हे मान्य असावं, कारण त्याच्या 'रबर' (२०१०) मध्ये, ज्यात एक टायर लोकांना मारत सुटतो, सुरुवातीलाच एक पोलिस कॅमेऱ्याकडे बघून भाषण ठोकतो की मोठमोठ्या पिक्चरांमध्ये काही गोष्टी विनाकारण असतात. यासाठी मराठीत 'उगाच' इतका चपखल शब्द दुसरा नाही.

त्यांच्याकडे या जातीच्या विनोदाला 'लुफोक' असाही शब्द आहे, आणि तो आलाय पॅरिसच्या खाटकांच्या गुप्त बोलीतून. शब्दाचं पहिलं व्यंजन शेवटी न्यायचं, त्याच्या जागी ल लावायचा, वर एखादं शेपूट जोडायचं. 'फू' म्हणजे वेडा, त्याचं झालं 'लुफ', मग 'लुफोक'. शाळेत आपण च ची भाषा बोलायचो ती आठवा, 'तुला' चं 'चलातु', 'मला' चं 'चलाम', यंत्र जवळजवळ तेच! फरक इतकाच की आपला एकही च-शब्द कोशात गेला नाही. लुफोकला मराठीत मी 'वेडगळ' म्हणेन, विक्षिप्त नको, विक्षिप्त माणसं असतात.

राहिला उपप्रश्न, की 'डोक्यावरून गेला' म्हणणं अपमानकारक आहे का. मला नाही वाटत, उलट नापसंती सांगायची ती सगळ्यात सभ्य रीत आहे कारण दोष बोलणारा स्वतःच्या डोक्याकडे घेतो. फ्रेंचमध्येही न भिडलेल्या पिक्चरबद्दल 'मी बाजूने निघून गेलो' अशा अर्थाचं म्हणतात. आणि लिहिताना ॲब्सर्ड असंच लिहा, अ‍ब्सर्ड किंवा ऍब्सर्ड नको, २००९ च्या शासन निर्णयापासून ॲ हा अधिकृत वर्णमालेत आहे.