निरोप समारंभात ५ मिनिटं बोलायचंय. माईक हातात आला की आवाज कापतो, पाठ केलेलं सगळं विसरतं. काय करू?

आधी पूर्ण भाषण पाठ करणं सोडा. तसं केलं की एक शब्द निसटला तरी पुढचं वाक्य सापडत नाही. पाठ करायची ती पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक. मध्ये सत्कारमूर्तींचे तीन प्रसंग, बस्स. मिनिटाला १००-१२५ शब्द धरले तर ५ मिनिटांत ५००-६२५ शब्द मावतात. जास्त लिहिलंत की घाई होते, घाईत दम लागतो आणि दम अपुरा पडला की आवाज कापतोच.

मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर ठळक अक्षरात लिहा. ए-४ कागद हातात थरथरतो, ती थरथर दिसली की आपणच आणखी घाबरतो. मोबाईलवरून वाचू नका, ऐन वेळी स्क्रीन बंद होते.

आपल्याकडे अडखळायची हमखास जागा म्हणजे सुरुवातीची नावं. 'व्यासपीठावर उपस्थित...' म्हणत सहा जणांची नावं हुद्द्यांसकट घ्यायला गेलं की एखादं राहतं आणि तिथेच धीर सुटतो. सूत्रसंचालकांनी ती घेतलेलीच असतात. तुम्ही अध्यक्ष आणि सत्कारमूर्ती अशी दोनच घ्या, तीही कार्डावर लिहून. 'आणि जमलेल्या सगळ्यांना नमस्कार' म्हटलं की बाकीचे त्यात आले.

सराव उभं राहून, मोठ्यानं, रोज दोनदा, निदान आठ-दहा दिवस करा. मनातल्या मनात वाचलं तर श्वास कुठे तुटतो ते कळत नाही. दर वेळी शब्द बदलले तर फार चांगलं, प्रसंग डोक्यात पक्का बसल्याची ती खूण आहे. शेवटचे दोन दिवस घरातल्या कुणाला तरी समोर बसवा. सभाधीटपणा माणसांसमोर बोलूनच येतो, आरशासमोर नाही.

त्या दिवशी आधी तासभर चहा-कॉफी टाळा. नाव पुकारण्यापूर्वी खुर्चीतच चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा-आठ आकडे मोजत सोडा, असं पाच-सहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. तरी धडधड राहीलच, आणि बहुतेकांना ती पहिल्या मिनिटात सर्वांत जास्त जाणवते. तेवढ्यापुरतीच ती दोन पाठ वाक्यं.

माईकचा दांडा मधोमध धरा. जाळी मुठीत आवळली की आवाज दबतो, शिट्टीही वाजते. माईक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या जरा वर असू द्या. स्टँड असेल तर वाकून बोलू नका, आधी उंची नीट करून घ्या. लोक तेवढं थांबतात.

मध्येच काही आठवेनासं झालं तर 'अं... अं' करू नका. गप्प व्हा, कार्ड बघा, श्वास घ्या, पुढचा प्रसंग सुरू करा. ती तीन सेकंदं तुम्हालाच लांब वाटतात. शेवटचं वाक्य झाल्यावर लगेच पळू नका. सत्कारमूर्तींकडे बघून नमस्कार करा, माईक सूत्रसंचालकांच्या हातात द्या, मग उतरा.