२९ जानेवारीचा ‘बीटिंग रिट्रीट’ पहिल्यांदाच बघायला जायचंय. तिकीट कसं काढायचं, काय न्यायचं आणि तिथे नेमकं बघायचं काय? वाघा बॉर्डरसारखंच असतं का?

वाघाचं आधी सांगतो, कारण हा गोंधळ फार जणांचा होतो. अटारी-वाघाला रोज संध्याकाळी सीमा सुरक्षा दलाची कवायत असते, तिथे जोर घोषणांवर. दिल्लीच्या विजय चौकातला सोहळा वर्षातून एकदा, प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमांची सांगता म्हणून होतो, आणि तो लष्करी बँडच्या वादनाचा सोहळा आहे. तिथे ऐकायला जायचं.

तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या ‘आमंत्रण’ संकेतस्थळावर जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघतात. रोजचा कोटा ठरलेला असतो, त्यामुळे सकाळी विक्री उघडताच बसा. गेल्या काही वर्षांत २९ तारखेचं तिकीट १०० रुपये आणि २८च्या रंगीत तालमीचं २० रुपये आहे. तालमीला राष्ट्रपती नसतात, धून मात्र त्याच. लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील तर मी २८ तारीखच सुचवेन. ज्या ओळखपत्रावर तिकीट काढलंय तेच मूळ ओळखपत्र सोबत हवं. झेरॉक्सच्या भरवशावर राहिलात तर दारातच अडकाल.

केंद्रीय सचिवालय हे सगळ्यात जवळचं मेट्रो स्टेशन, पण सुरक्षेसाठी त्या दुपारी ते बरेचदा बंद ठेवतात. आदल्या दिवशी मेट्रोची सूचना बघा. बंद असेल तर पटेल चौकला उतरून वीस-पंचवीस मिनिटं चालायची तयारी ठेवा. कार्यक्रम पाचच्या सुमारास सुरू होतो, पण साडेतीनला रांगेत असलेलं बरं. पिशवी, पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, छत्री यातलं काही नेऊ नका. गाडीची रिमोटवाली किल्लीसुद्धा आत सोडत नाहीत, आणि हे नेमकं गाडी लावून झाल्यावर आठवतं. २०२३ साली भर पावसात सोहळा झाला होता, त्यामुळे ढगाळ असेल तर घडी होणारा रेनकोट अंगावरच घाला. दुपारच्या उन्हाला फसू नका. सूर्य टेकला की गारठा चढतो आणि तुम्ही दोन तास एका जागी बसलेले असता. कानटोपी न्याच.

बँड रायसीना टेकडीच्या उतारावरून, नॉर्थ आणि साउथ ब्लॉक या दोन जुळ्या इमारतींच्या मधून खाली येतात. मावळतीचा सूर्य राष्ट्रपती भवनाच्या मागे असतो, म्हणजे समोरचं सगळं फोनमध्ये काळं येणार. ब्लॉकच्या कठड्यांवर सीमा सुरक्षा दलाचे उंटस्वार उभे असतात. त्यांच्या आकृत्या टिपायला मात्र हाच उजेड उत्तम.

राष्ट्रपती अंगरक्षक दलाच्या घोडेस्वारांसह येतात, राष्ट्रगीत होतं, मग वादन. पाइप्स अँड ड्रम्स, म्हणजे बॅगपाइप आणि ढोलांचा ताफा आला की बॅगपाइपकडे, काखेत हवेची पिशवी दाबून वाजवायच्या त्या वाद्याकडे, कान द्या. खांद्यावरच्या तीन नळ्या अखंड एकच सूर धरून असतात, अगदी आपल्या तंबोऱ्यासारख्या, आणि बोटं फिरतात ती खालच्या नळीवर. तिच्यात सूर फक्त नऊ. आवाज लहान-मोठा करता येत नाही, म्हणून सगळी नक्षी बोटांच्या झटक्यांत असते. लांबच्या रांगेत बसलात तर ढोलावर काठी पडलेली आधी दिसेल, ठोका मागून येईल. शंभर मीटरला साधारण पाव ते एक तृतीयांश सेकंदाचा फरक पडतो. वादकांनाही हीच अडचण, म्हणून एवढा मोठा ताफा कानापेक्षा डोळ्यांवर, पुढे चालणाऱ्या ड्रम मेजरच्या हातातल्या काठीवर चालतो. बहुतेक लष्करी बँडमध्ये धून संपायच्या जरा आधी मोठ्या ढोलावर दोन जोड ठोके पडतात. ते ओळखता आले की टाळी चुकत नाही.

पूर्वी शेवटाकडे वाजणारं ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती भजन २०२२ पासून वाजत नाही. त्याच्या जागी त्या वर्षी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आलं. लताबाईंचा आवाज सगळ्यांना आठवतो, पण चाल पुणतांब्याच्या चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची, हे शेजारच्याला जरूर सांगा.

शेवटाकडे प्रमुख संचालक राष्ट्रपतींसमोर जाऊन बँड परत नेण्याची परवानगी मागतो आणि बँड ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवत उतार चढू लागतात. इथेच निम्मे लोक मेट्रोची गर्दी टाळायला उठतात. उठू नका! ज्यावरून सोहळ्याला नाव पडलं ते अजून व्हायचंय. पूर्वी सूर्यास्ताला ढोल वाजवून सैनिकांना छावणीत परत बोलावत. ‘रिट्रीट’ म्हणजे ते परतणं, पराभवाची माघार नव्हे. सहाच्या ठोक्याला बिगुल वाजतो, तिरंगा उतरतो, राष्ट्रगीत होतं. उभं राहायचं आणि फोन खिशात ठेवायचा. मग राष्ट्रपती भवन आणि दोन्ही ब्लॉक एकदम दिव्यांनी उजळतात. फोटो तेव्हा काढा.

दिल्ली जमत नसेल तर डिसेंबरच्या सुरुवातीला, नौदल दिनाच्या सुमारास, मुंबईत गेटवे ऑफ इंडियाला नौदलाचा बीटिंग रिट्रीट होतो. तिथे सी कॅडेट मुलांचं हॉर्नपाइप हे खलाशी नृत्यही असतं.